कोळंबीचा पास्ता झटपट कसा करायचा? संध्याकाळी पाहुणे आहेत

वडगावची_वैनी
नमस्कार मंडळी, उद्या पुण्याहून नणंद नि तिची पोरं येऊलेत, पोरांना पास्ता पाहिजे, नणंदेला मासे, म्हटलं कोळंबी घालूनच करूया. पण मला कामावरनं घरी यायलाच साडेसहा होतात, म्हणजे हातात अर्धा तास. कोळंबी नि थोडं माकुल (स्क्विड) सकाळी इथल्या बेळगावच्या कॅम्पातनं आणून ठेवीन. पांढरा सॉस नको. कोळंबीच्या पास्त्यात वाईन घालतात म्हणे, ती सासूबाईंसमोर काढायची सोय नाही. हॉटेलात खाल्लेला तेव्हा कोळंबी नुसती रबर होती, तसं नको व्हायला. आधी काय टाकायचं, मग काय, आणि वरनं चीज घालायचं का, तेवढं सांगा की कुणीतरी.

कारवारी_टिळकवाडीत
वैनी, अर्धा तास भरपूर झाला, फक्त सकाळी कोळंबी सोलून, काळा दोरा काढून, पुसून कोरडी करून फ्रीजमध्ये ठेवा. लिंबू आत्ताच लावू नका हां, आंबटानं मांस आधीच आवळतं. आणि डोकी-सालं फेकू नका, तेलात परतून दोन वाट्या पाण्यात दहा मिनिटं उकळून गाळून ठेवा, हे पाणी असलं की वाईनची आठवणपण येत नाही.

संध्याकाळी आल्या आल्या पाण्याचं पातेलं चढवायचं, माणशी 100 ग्रॅम पास्ता, त्याला लिटरभर पाणी, लिटरला 10 ग्रॅम मीठ. पाणी उकळेपर्यंत मोठ्या कढईत तेल गार असतानाच लसणाचे काप टाका नि मंद आचेवर ठेवा, लाल होऊ द्यायचा नाही, कडू होतो. चिलीफ्लेक्सच्या जागी ब्याडगी चुरडून घाला, रंग येतो नि पोरांना तिखटपण लागत नाही. मग आच मोठी करून कोळंबी, दोन्ही बाजू मिळून दोन-तीन मिनिटं, अर्धगोल वळली की लगेच ताटलीत काढा, पूर्ण गोल वेटोळं झालं म्हणजे तुमचं ते हॉटेलवालं रबर. माकुलाच्या चकत्या दीड-दोन मिनिटं बास, त्याच्यापुढं गेलं की मग अर्धा तास शिजवल्याशिवाय मऊ होत नाही.

त्याच कढईत सालांचं पाणी आटवा, पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या दोन मिनिटं आधी पास्ता काढून त्यात टाका, वाटीभर पास्त्याचं पाणी घालून जोरात हलवा, त्यातल्या पिठानंच सॉस दाट होतो. कोळंबी अगदी शेवटी, गॅस बंद करून लिंबू नि कोथिंबीर. चीज नाही, इटलीत माशाच्या पास्त्यावर सहसा घालत नाहीत, पोरं रडली तर त्यांच्या ताटात घाला, कोण बघायलंय.

खानापूरचा_दादा
एवढं कशाला, मालवणी मसाला नि नारळाचं दूध टाका की, घरची चव येईल

निपाणीकर
दादा मग भातच करा, पास्ता कशाला 😄 वैनी, पाकीट बघून घ्या, ड्यूरम गव्हाचा रवा लिहिलेलं पाहिजे, मैद्याचा असला तर लगदा होतोय. आपला हुग्गीचा, म्हणजे गव्हाच्या खिरीचा, खपली गहू आहे ना, ड्यूरम त्याच्याच खानदानातला, म्हणून शिजूनपण दाताला लागतो. आणि जून-जुलैत कुणी हे करणार असेल तर तेव्हा दोन महिने मासेमारीचे ट्रॉलर बंद असतात, फ्रोझन कोळंबी घ्या, पिशवीसकट गार पाण्यात ठेवून सोडवा, गरम पाण्यात नको.

वडगावची_वैनी
सालांचं पाणी भारी वाटलं. पण सासूबाई मासे खात नाहीत, त्यांचं काय करू?

कारवारी_टिळकवाडीत
त्यांच्यासाठी लसूण-तेल-ब्याडगी आधीच छोट्या कढईत वेगळं काढा, त्यांच्या वाटणीचा पास्ता नि थोडं पास्त्याचं पाणी त्यातच घाला. चिमटा मात्र वेगळा घ्या, कोळंबीच्या कढईतला तिकडं घातलात तर घरात महाभारत.