विकिपीडियावाल्यांना आमची आठवण चालत नाही म्हणे!

खमंग_पोहे: काल इथे एकाने लिहिलं की मराठी विकिपीडियावरच्या गाण्यांच्या कार्यक्रमांच्या लेखांत 'भावूक प्रेक्षक येऊन घाण करतात'. ती घाण करणारा मीच, म्हणून हा धागा. झी मराठीच्या 'सारेगमप लिटिल चॅम्प्स' या लहान मुलांच्या गाण्याच्या स्पर्धेच्या लेखात मी एकच वाक्य घातलं होतं: 'कार्तिकी गायकवाड विजेती ठरली, तरी असंख्य रसिकांच्या मते आर्या आंबेकर हीच खरी विजेती.' चहा संपायच्या आत उलटवलं, म्हणजे काढून टाकलं! शेरा: 'संदर्भ हवा.' पल्लवी जोशी सूत्रसंचालक, अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत परीक्षक, यालाही संदर्भ नव्हता. ते बरं चाललं? अंतिम फेरीच्या रात्री आमच्या चाळीत कोणाकडे वेगळा टीव्ही लावायची गरज नव्हती, इतका सगळ्या घरांतून एकच आवाज येत होता. मी साक्षीदार आहे.

दुवा_द्या: उलटवणारा मी. 'असंख्य' म्हणजे किती? तुमचा मजला? परीक्षक कोण होते यावर कोणी भांडत नाही, 'खरी' विजेती कोण यावर अजून भांडताय. म्हणून संदर्भ तिथे मागितला. एखाद्या जाणकाराने नावानिशी छापलेलं दाखवा, 'अमुक यांच्या मते' लिहून मीच घालतो.

इंद्रायणीकाठ: सरळ म्हणा ना, आळंदीच्या पोरीने अभंग-गवळणी गाऊन जिंकलेलं पचलं नाही. मतांचे एसेमेस आम्ही पैसे मोजून केले होते. माझा महिन्याचा बॅलन्स गेला त्यात.

खमंग_पोहे: आर्या पुण्याची असेल, मी डोंबिवलीचा. पुण्याचं पाप माझ्या माथी मारू नका.

वेलांटी: मुळात लेखाचं नावच चुकलंय. वकील, जमीन, गरीब यांची उपान्त्य वेलांटी दीर्घ, मग 'लिटील' का नाही?

दुवा_द्या: कारण शब्द इंग्रजी आहे. उच्चार ऐका.

वेलांटी: उच्चारच ऐकायचा तर 'लिटल'. मुग्धा वैशंपायनला 'लिटल मॉनिटर' म्हणत होतेच की. एकाच कार्यक्रमात चॅम्प्स लिटिल आणि मॉनिटर लिटल?

इंद्रायणीकाठ: वाहिनीने पडद्यावर जे लिहिलं ते नाव. विषय संपला.

वेलांटी: उद्या वाहिनीने 'नागपुर' लिहिलं तर तेही घ्याल? ज्ञानकोश आहे की जाहिरात?

दुवा_द्या: तिन्ही नावांवरून पुनर्निर्देशन करून ठेवलंय. काहीही टंका, पोचाल त्याच लेखावर.

वेलांटी: पोचण्याचा प्रश्नच नाही. शुद्ध काय हा प्रश्न आहे.

मावशी_ऑनलाइन: तुमच्या वेलांट्या चालू द्या. माझी भाची अशाच एका कार्यक्रमात होती (हा नाही, वाहिनीचं नाव सांगणार नाही). तिसऱ्या आठवड्यात बाहेर पडली. कुणा उत्साही माणसाने एका संकेतस्थळावर तक्ता केलाय: नाव, तेव्हाचं वय, गाव आणि शेवटी लाल रंगात 'बाद'. ती आता सीए आहे. स्थळं बघताना मुलाकडचे फोनवर शोधतात आणि पहिलं हेच निघतं. मुलाच्या आईने हसत हसत विचारलं, 'सूर चुकला होता का गं?' तुमच्या लेखात अंतिम फेरीतल्या पाचांपलीकडच्या मुलांची वयं-गावं कशाला हवीत?

खमंग_पोहे: पंचरत्नांचं सोडा, पुढे ती पाचही जणं २०२१ मध्ये परीक्षक झाली, मुग्धा आणि प्रथमेशचं लग्न तर बातम्यांत गाजलं. पण आठव्या वर्षी बाहेर पडलेल्या पोराने कोणाचं घोडं मारलंय? या एका मुद्द्यावर लेखातून मजकूर उडवणं मान्य. एकाच.

दुवा_द्या: तक्ता इथेही होता, मागेच काढलाय. तेव्हाही शिव्या खाल्ल्या होत्या. बहुधा तुमच्याच.

खमंग_पोहे: असतील. बरं, आईच्या चिकटवहीत निकालाचं कात्रण आहे. त्याचा दुवा कुठून देऊ? तारीख तर तिच्या कात्रीने खाल्ली.

दुवा_द्या: दुवा नाही तरी चालतो. वर्तमानपत्र, तारीख, पान एवढं बास. कात्रणाच्या मागे काय छापलंय बघा. बाजारभाव, पंचांग, काहीतरी असतं.

खमंग_पोहे: डिंकाने चिकटवलंय हो.

दुवा_द्या: वाफ द्या.

खमंग_पोहे: दिली. अर्धं पान कढीत पडलं आणि आईची बोलणी खाल्ली ती वेगळीच. मागे पंचांग निघालं: सोमवार, माघ पौर्णिमा.

दुवा_द्या: म्हणजे ९ फेब्रुवारी २००९. निकाल आदल्या रविवारचा. बरोबर जुळतंय, लेखातल्या तारखेला इतकी वर्षं संदर्भ नव्हता. पान क्रमांक?

खमंग_पोहे: कढीत.

इंद्रायणीकाठ: आणि आर्याबद्दल काय लिहिलंय त्यात?

खमंग_पोहे: काही नाही. 'कार्तिकी विजेती' एवढंच. झालं समाधान?

वेलांटी: मथळ्यात लिटिल आहे की लिटील?

खमंग_पोहे: 'लिट्ल'.