ओपनडब्ल्यूआरटी टाकलं आणि स्पीड अर्ध्यावर आला

बी-302: मंडळी, राउटरमधलं कुणाला कळतं का? प्लॅन 500 एमबीपीएसचा आहे. परवा राउटरवर कंपनीचं सॉफ्टवेअर काढून ओपनडब्ल्यूआरटी हे खुलं सॉफ्टवेअर टाकलं, तेव्हापासून 220 च्या वर आकडा जात नाही. आधी 480 सहज यायचे. नेटवाल्यांना फोन केला तर म्हणे लाइन ठीक आहे.

डी-503: चालू गाडीचं इंजिन उघडायला कुणी सांगितलं होतं 😄

बी-302: कंपनीचं फर्मवेअर, म्हणजे राउटरमधलं मूळ सॉफ्टवेअर, दोन वर्षं अपडेट झालं नव्हतं साहेब. शिवाय मला एसक्यूएम हवं होतं, म्हणजे लाइन भरली तरी सगळ्यांचा डेटा नीट रांगेत सोडणारी सोय. घरात कुणी मोठी फाइल चढवायला लागलं की माझा ऑफिसचा कॉल अडखळतो.

ए-104: मोजतोयस कशावर? वायफाय की वायर?

बी-302: वायफाय, काका. 5 गिगाहर्ट्झ.

ए-104: मग अजून काहीच मोजलेलं नाहीस. लॅपटॉप वायरने लाव आणि टेस्ट लॅपटॉपवरूनच कर. राउटरमध्ये शिरून टेस्ट चालवू नकोस, टेस्टचं ओझं त्याच बिचाऱ्या प्रोसेसरवर पडतं आणि आकडा कमी दिसतो.

सी-201: हे डब्ल्यूआरटी म्हणजे नक्की काय?

ए-104: वहिनी, लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी54जी नावाचा राउटर होता. आत लिनक्स निघालं. परवान्याच्या अटीमुळे कंपनीला 2003 मध्ये कोड खुला करावा लागला, आणि 2004 पासून त्यावर हा प्रकल्प उभा राहिला. राउटर इतिहासजमा झाला, नाव राहिलं.

बी-302: वायरने 230. राउटर बाजूला काढून लॅपटॉप थेट लाइनला लावला, त्यावरच पीपीपीओई, म्हणजे नेटवाल्यांचं यूजरनेम-पासवर्डवालं लॉगिन केलं, तर 490!

ए-104: म्हणजे नेटवाले खरं बोलत होते. बोलतात कधी कधी. आता राउटर परत लाव, एसएसएचने, म्हणजे कमांड लाइनवरून, आत जा, प्रोसेसरचा भार दाखवणारी टॉप ही कमांड चालू ठेव आणि लॅपटॉपवर टेस्ट मार. एसआयआरक्यूपुढे, म्हणजे नेटवर्कच्या कामाच्या भारापुढे, किती दिसतं ते सांग.

बी-302: 25 टक्के. म्हणजे पाऊण राउटर रिकामाच बसलाय की.

ए-104: चिप कोणती?

बी-302: मीडियाटेक एमटी7621

ए-104: इथेच सगळे फसतात. त्या चिपमध्ये दोन कोर, प्रत्येकात दोन थ्रेड, म्हणजे लिनक्सला चार प्रोसेसर दिसतात. एकटा घाम गाळतोय आणि तिघे बघत उभे आहेत, तरी सरासरी 25 च येणार. एचटॉप टाकून बघ, ते प्रत्येक प्रोसेसरची पट्टी वेगळी दाखवतं, एक पट्टी शेवटपर्यंत भरलेली दिसेल.

बी-302: 😳 अगदी तसंच. एक पट्टी गच्च, बाकीच्या हलतही नाहीत.

सी-201: पण राउटर तोच ना? मग कंपनीच्या सॉफ्टवेअरला कसं जमत होतं?

ए-104: बरोबर जागी बोट ठेवलंत वहिनी. 500 च्या वेगाने 1500 बाइटची पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, यायला लागली की सेकंदाला 40 हजारांहून जास्त होतात. प्रत्येकाचं पीपीपीओईचं वेष्टन काढायचं, फायरवॉलचे नियम लावायचे, नॅटसाठी, म्हणजे घरातली सगळी उपकरणं बाहेरच्या एकाच पत्त्यावर चालावीत म्हणून, पत्ता बदलायचा आणि आत सोडायचं. 880 मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरला हे झेपत नाही. म्हणून चिपमध्येच एक वेगळा भाग असतो. एखाद्या कनेक्शनची सुरुवातीची पॅकेट प्रोसेसर तपासतो, निर्णय त्या भागाच्या तक्त्यात लिहितो, आणि पुढची सगळी तिथूनच परस्पर निघून जातात. कंपनीचं फर्मवेअर हे गुपचूप चालू ठेवतं. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये ते मुळात बंद असतं, आपण चालू करायचं.

डी-503: मग बंद कशाला ठेवतात?

ए-104: प्रत्येक चिपमध्ये ती सोय नसते, आणि चालू केल्यावर काही गोष्टी चालेनाशा होतात. त्याचा फटका याला बसणारच आहे, थांबा जरा.

ए-104: @बी-302 नेटवर्कमध्ये फायरवॉलचं पान उघड. आधी नुसतं सॉफ्टवेअर फ्लो ऑफलोडिंग, म्हणजे तशीच जवळची वाट पण प्रोसेसरवरूनच, लाव, सेव्ह अँड अप्लाय, टेस्ट. मग हार्डवेअरवालं, म्हणजे चिपमधला तो भाग. दोन्ही एकदम लावलंस तर कशाने काय झालं ते कळणार नाही. आणि त्याआधी सेटिंगचा बॅकअप घे.

बी-302: सॉफ्टवेअर 360. हार्डवेअर 485!! आणि एचटॉप एकदम शांत. काका, तुम्ही कुठे होतात इतके दिवस 🙏

ए-104: तळमजल्यावर.

बी-302: आता एसक्यूएम टाकतो, केक निवडायचं ना?

सी-201: केक?

ए-104: ओळीत कुणी किती वेळ थांबायचं ते ठरवणाऱ्या पद्धतीचं नाव आहे, वहिनी. पण हाच तो फटका. एसक्यूएमला प्रत्येक पॅकेट स्वतः मोजून सोडायचं असतं, आणि तू तर पॅकेटना परस्पर वाट काढून दिलीस. दोन्ही चालू ठेवलंस तर एसक्यूएम नुसतं नावाला.

बी-302: म्हणजे एक काहीतरी सोडायचं?

ए-104: या चिपवर हो. ऑफलोडिंग बंद करून पॅकेट स्टीअरिंग लावलंस तर काम इतर प्रोसेसरवरही वाटलं जाईल, थोडं सुधारेल. तरी एसक्यूएमसकट 500 विसर. माझं मत विचारशील तर 485 चा आकडा फोटो काढून ग्रुपवर टाकण्यापुरता. कॉल न अडखळता चालायला 150 पण रग्गड.

बी-302: घरात विचारलं. मुलगा म्हणतो 485, बायको म्हणते कॉल.

सी-201: मग ठरलंच की.

बी-302: हो, एसक्यूएम 😅 160 वर बांधलंय. बायकोच्या कॉलच्या वेळी मुलाला मुद्दाम फाइल चढवायला लावली, आवाज जराही तुटला नाही. मुलगा रुसलाय.

डी-503: काका, विषय निघालाच आहे तर. माझं फर्मवेअर कंपनीचंच, प्लॅन 300 चा, वायर लावलेली, तरी कॉम्प्युटरवर कधीही बघा, 94.

ए-104: 94 च? 90 नाही, 97 नाही?

डी-503: 94. फार तर 95.

ए-104: मग जोडणी 100 वर अडकली आहे, पॅकेटच्या वेष्टनांचा हिस्सा वजा जाऊन 94 उरतात. गिगाबिटला वायरमधल्या आठही तारा लागतात, 100 ला चार पुरतात. एखादी तुटली की जोडणी मुकाट्याने खाली उतरते, कुठे तक्रार दिसत नाही. राउटरचं पोर्टच 100 चं असेल तर गोष्ट वेगळी. वायर जाते कुठून?

डी-503: बाल्कनीच्या सरकत्या दाराखालून.

सी-201: 🤦‍♀️

डी-503: बघतो