अनुभव धागा: शिडाची बोट, एक दिवस आणि भूमध्य समुद्रातल्या निवांत खाड्या

खारीबिस्कीट
काल माळा आवरताना जुनी कापडी टोपी सापडली. कडेला मिठाची पांढरी रेघ अजून तशीच. जून २०१९, स्पेनचं मेनोर्का बेट. सिउताडेया बंदरातून आम्ही दोघं, एक जर्मन जोडपं आणि कप्तान काकू. हो, काकूच, साठीच्या. बंदराबाहेर आल्यावर त्यांनी शीड चढवून इंजिन बंद केलं. नुसतं पाण्याचं चुबुकचुबुक आणि दोर करकरल्याचा आवाज. नवरा हळूच म्हणाला, "बिघडलं की काय?"

तुर्केता नावाच्या खाडीत नांगर टाकायच्या आधी काकू दहा मिनिटं गोल गोल फिरत होत्या. मला वाटलं, लक्ष्मी रोडला पार्किंग शोधतात तसं चाललंय. तर त्या तळाशी पांढरा पट्टा शोधत होत्या. काळपट दिसतं ते पोसिडोनिया गवत, त्यावर नांगर टाकायला तिथे २०१८ पासून बंदी. वाळू दिसली, साखळी खळाखळा सुटली, मग काकू स्वतः बुडी मारून नांगर रुतलाय का ते बघून आल्या.

तुमचेही लिहा. फोटो नसले तरी चालेल.

मीठभाकर
ती टोपी धुऊ नकोस हां!

तांडेलाची लेक
पोसिडोनिया शेवाळ नाही बरं का, फुलं येणारी वनस्पती आहे. आता माझं. मिलोस, ग्रीस. बोटीत चढल्या चढल्या मी विचारलं, भरती किती वाजता? कप्तान हसायलाच लागला. तिथे भरती-ओहोटी वीतभर. आमच्या मुरुडला दीड-दोन पुरुष पाणी चढतं उतरतं, ओहोटीला होडी चिखलात बसते. आयुष्यभर घड्याळ बघून समुद्रावर गेलेल्या माणसाला ते पचेना.

आधीचे दोन दिवस बोट सुटलीच नव्हती. मेल्टेमी. उन्हाळ्यातला उत्तरेचा वारा, आभाळ लख्ख आणि समुद्र पिसाळलेला. आपल्याकडे वाऱ्यामागून ढग तरी येतात. तिसऱ्या दिवशी क्लेफ्तिकोला गेलो. पांढरेशुभ्र कडे, कमानी, गुहा. पूर्वी चाचे लपायचे म्हणे. मी पण लपले असते.
(दूध उतू गेलं, थांबते)

अर्धवटराव
एन-व्हो खाडी, फ्रान्स. दोन्हीकडे चुनखडीचे उभे कडे, मधे हिरवंनिळं पाणी. बायकोने सांगितलं. मी पूर्ण वेळ बादलीत बघत होतो.

मीठभाकर
हाहाहा अर्धवटराव! क्षितिजाकडे बघायचं आणि तोंडात आवळासुपारी.

अर्धवटराव
क्षितिजच हलत होतं हो. आवळासुपारी घरची का?

लिऑनकर
निवांत हा शब्द ऑगस्टमध्ये विसरा. बाजूच्या बोटीवर स्पीकर, मला विसर्जन मिरवणूक आठवली. मार्सेलजवळच्या सुजिटोन खाडीला तर २०२२ पासून उन्हाळ्यात पायी जायलाही आधी नाव नोंदवावं लागतं, फुकट असतं पण लागतं. सप्टेंबरात जा, पाणी कोमट आणि लेकरं शाळेत.

खारीबिस्कीट
आले, कुकर लावत होते. लिऑनकर, जूनमध्येही दुपारी बाराच्या पुढे गर्दी झाली होती खरं तर. आम्ही जेवण उरकून निघालो. जेवण म्हणजे पावाला टोमॅटो चोळून वर तेल-मीठ. मला चटणीची फार आठवण आली.

रिकामटेकडी
तुर्कस्तान, केकोवा. भूकंपात बुडालेलं, प्राचीन लिशियन लोकांचं गाव. बोटीतून बघितलं तर कातळात कोरलेला जिना, चार पायऱ्या वर आणि बाकीच्या पाण्यात उतरत गेलेल्या. खाली कोण राहत होतं, धुणं कुठे वाळत घालत होतं, असलंच काहीतरी डोक्यात आलं. अवशेषांपाशी पोहायला मनाई, म्हणून पलीकडच्या खाडीत उतरलो आणि माझा पाय थेट समुद्री साळूवर! टाचेत अकरा काटे, मोजले. कप्तानाच्या आईने व्हिनेगरमध्ये पाय बुडवायला लावला. पुढे आठवडाभर चवड्यावर.

तांडेलाची लेक
अगं, खडकाळ किनाऱ्यावर रबरी बूट घालूनच उतरायचं. आणि काटा उलटा ओढायचा नाही, आत तुटतो.

रिकामटेकडी
आता सांगतेस!

अर्धवटराव
तिकडचं पाणी जास्त खारट म्हणून माणूस चटकन तरंगतो. मी उलटी झाल्यावर पडलो होतो, अनुभव आहे.

मीठभाकर
काठ धरायचा की हो. आणि आवळे किसून घ्या, सैंधव, आलं, जिरं, चार दिवस कडक ऊन. सुपारी नसते त्यात, नुसतं नाव.