सुपरहिरो झालेल्या नटांची अर्कचित्रं: ड्रेस ओळखतात, माणूस ओळखत नाहीत

टिळकवाडीचा_ब्रश:
नमस्कार मंडळी. गणपतीत आमच्या मांडवाशेजारी छोटं प्रदर्शन लावालोय, सुपरहिरो झालेल्या नटांची अर्कचित्रं, काळी शाई आणि वॉटरकलर. क्रिस्टोफर रीव्ह, मायकल कीटन, रॉबर्ट डाउनी ज्युनियर, आणि मुकेश खन्ना तर पाहिजेच. चित्राखाली नाव घालणार नाही, बघायला मराठी कन्नड दोन्ही माणसं येतात, चित्रानंच ओळख द्यायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. पण ज्याला दाखवावं तो म्हणतो हा सुपरमॅन, हा बॅटमॅन, आणि आत नट कुठला ते कुणालाच सांगता येईना. आयर्न मॅन झालेला डाउनी तेवढा दाढीवरनं कळतोय. बाकीच्यांचं काय करू?

खानापूरची_पेन्सिल:
ड्रेस आधी बाजूला ठेव गा. रीव्हला साधा शर्ट घालून काढ, तरी ओळखू आला तरच केप चढव. १९७८ च्या सुपरमॅनमधला त्याच्या मैत्रिणीच्या, लोइसच्या फ्लॅटमधला सीन परत बघ. अंगावर क्लार्कचाच, म्हणजे सुपरमॅनच्या साध्या रूपाचाच सूट आहे, तो नुसता चष्मा काढतो, खांदे मागं घेतो, मान वर, आवाज खाली, आणि बघता बघता सहा फूट चार इंचाचा माणूस समोर उभा राहतो, मग ती आत येते तसा परत चष्मा लावून वाकतो. भांगसुद्धा दोघांचा वेगवेगळ्या बाजूला. म्हणजे रीव्ह जबड्यात कमी आणि मानेत, पाठीच्या कण्यात जास्त आहे. एकाच कागदावर वाकलेला आणि ताठ असे दोन काढ की, छातीवरचा एस काढायची गरजच पडणार नाही. नाक लांब केलं की अर्कचित्र झालं असं आपल्याकडं लई जण समजतात, पण चारचौघांच्या चेहऱ्यापेक्षा हा कुठं वेगळा आहे ते शोधून तेवढंच ताणायचं असतं, बाकीचं सोडून द्यायचं.

शहापूरकर७२:
पेन्सिलदादा बरोबर सांगालेत, पण बॅटमॅनला ते चालणार नाही, तिथं मुखवटा काढला तर बॅटमॅनच जातो. कीटनची खरी ताकद त्याच्या कमानी भुवयांत, आणि १९८९ च्या सिनेमात नेमक्या त्याच झाकल्या. उरलं काय तर डोळे आणि ओठ. वरचा ओठ किती वळणदार आहे बघ, तो धनुष्यासारखा ताणायचा आणि हनुवटी लहानच ठेवायची. त्याच्या शेजारी बेन अ‍ॅफ्लेक काढलास तर त्याची हनुवटी रुंद, मधे खळी. मुखवटा एकच पण खालची पट्टी बदलली की माणूस बदलतो, हे लोकांना शेजारी शेजारी दिसूदे. स्पायडरमॅनचं तोंड पूर्ण झाकलेलं, तिथं मुखवटा हातातच द्यावा लागतो, टोबी मॅग्वायरचे ते मोठे निळे डोळे दाखवायला दुसरा मार्गच नाही.

निपाणीची_अक्का:
मला खन्नांबद्दल सांगायचंय. १९९७ ला दूरदर्शनवर शक्तिमान लागला तवा त्याच्या साध्या रूपाचा, गंगाधरचा चष्मा आणि पुढं आलेले दात त्यांनी मुद्दामच तसे केलेले, तो आधीच अर्कचित्र आहे, त्याच्यात तू अजून काय ताणणार? अवघड आहे शक्तिमान. रुंद चेहरा, जड पापण्या, आणि ते थांबून थांबून उपदेश करणं. हेच खन्ना १९८८ च्या महाभारतात भीष्म होते, दाढी होती तरी नजर तीच. ती नजर पहिल्यांदा पकड, गोल गोल फिरणं नंतर. आणि नाव न घालायचं ठरवलंस ते लई आवडलं बघ. व्यंगचित्रकार शि. द. फडणीस आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या भोजचे, शब्दाशिवाय चित्रं काढून त्यांनी अख्ख्या महाराष्ट्राला हसवलं.

खानापूरची_पेन्सिल:
एक राहिलं. पोस्टरवरनं काढू नको, सगळे चेहरे घासून गुळगुळीत केलेले असतात. मुलाखतीचा व्हिडिओ लाव, मधे मधे थांबव, बोलताना तोंड कुठं वाकडं होतंय ते टिपून घे. मोबाईल जवळ धरून काढलेला फोटो पण नको, त्यात नाक आपोआप मोठं दिसतं आणि आपण त्यालाच माणसाचं नाक समजून बसतो.

टिळकवाडीचा_ब्रश:
अक्का, दादा, लई उपकार झाले. दोन बॅटमॅन शेजारी शेजारी हे डोक्यातच नव्हतं, आता कीटन आणि अ‍ॅफ्लेकची एकच चौकट करतो. रीव्हचे दोन्ही स्केच आज रात्री इथंच टाकतो, जे चुकलंय ते तोंडावर सांगा.