मदत हवी आहे: हा फियॉर्ड की कॅन्यन? आज रात्रीच हवंय

समोच्चरेषा: एका फोटोखाली एक ओळ लिहायचीय आणि तीन तास त्याच ओळीवर अडकलेय. दोन्हीकडे उभे कडे, मधे पाणी. मी 'फियॉर्ड' लिहिलं, तपासणाऱ्याने 'नक्की?' एवढंच लिहून परत पाठवलं. फियॉर्ड, कॅन्यन, घळई, खचदरी यांत फरक काय? थोडक्यात. गूगल करून झालंय, तो सल्ला नको.

खडकफोड्या: फोटो कुठला? पाणी खारं की गोडं?

आडवाट: सोप्पंय. यू आकार म्हणजे दरी हिमनदीने कोरलेली, त्यात समुद्र शिरला की फियॉर्ड. व्ही आकार म्हणजे नदीने कोरलेली, ती कॅन्यन. शाळेतच शिकवतात.

खडकफोड्या: अहो, तळ पाण्याखाली आहे. यू की व्ही, दिसणार कसं? आणि ग्रँड कॅन्यन तरी धड व्ही कुठेय? कठीण थर कड्यासारखे उभे राहतात, मऊ थर झिजून उतार होतो, म्हणून पायऱ्या पडल्यात. पाऊस भरपूर असता तर काठ ढासळून दरी केव्हाच पसरट झाली असती.

आडवाट: ग्रँड कॅन्यन कुणी विचारलीय इथे?

टिपूर: विषय निघालाच आहे तर, ४४६ किमी लांब, काही ठिकाणी २९ किमी रुंद, खोली दीड किलोमीटरच्या वर. कोलोरॅडो नदीचं काम.

समोच्चरेषा: माझ्या फोटोत कोलोरॅडो नाहीये हो!

शुद्धमती: कॅन्यनला 'निदरी' असा छान शब्द आहे, तो का वापरत नाही कुणी? आणि उच्चार फ्योर्ड, फियॉर्ड नव्हे.

आडवाट: आमच्या पुस्तकात फियॉर्डच होतं.

शुद्धमती: पुस्तकात बरंच काही असतं.

लोंबती_दरी: कड्याच्या मध्यावरून धबधबे पडताना दिसतात का? मोठी हिमनदी मुख्य दरी खोल खणते, बाजूच्या छोट्या हिमनद्यांना तेवढं जमत नाही. बर्फ गेल्यावर त्या दऱ्या वरच लोंबत राहतात. अमेरिकेत योसेमिटीतला ब्रायडलव्हेल धबधबा असाच पडतो. दिसला तर हिमनदी पक्की.

समोच्चरेषा: धबधबा नाही. पाणी खारं, समुद्राला जोडलेलं. जागा बोका कोटोर्स्का, म्हणजे कोटोरचं आखात, माँटेनेग्रो. फोटोच्या नावातच होतं की.

खडकफोड्या: कुठला फोटो? तुम्ही चिकटवलाच नाहीये.

समोच्चरेषा: अरे देवा. पण पर्यटनाच्या जाहिरातीत 'युरोपातला सर्वांत दक्षिणेचा फियॉर्ड' लिहिलंय, त्यावरूनच घेतलं.

खडकफोड्या: जाहिरातच ती. आकार सोडा, खोली बघा. नदी समुद्राला मिळाली की तिचा खणण्याचा जोर संपतो, समुद्रपातळीच्या फार खाली ती जाऊ शकत नाही. हिमनदीला ते बंधन नाही, जाड बर्फ समुद्रपातळीखालचा खडकही खरवडतो. नॉर्वेचा सोग्ने फियॉर्ड आत १३०८ मीटर खोल आहे, पण तोंडाशी उंबरठ्यासारखा उथळ, कारण तिथे बर्फ पसरून पातळ झाला. तुमचं आखात शंभर मीटरही खोल नाही. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटर खाली होता, म्हणजे तिथे तेव्हा कोरडी दरीच होती. नदीने कोरलेल्या दरीत नंतर समुद्र शिरला. याला रिया म्हणतात. खचदरी यादीतून काढूनच टाका, तिथे दोन भ्रंशांमधली, म्हणजे खडक जिथे तुटून सरकलाय अशा दोन भेगांमधली, जमीनच खाली बसते, जशी पूर्व आफ्रिकेत.

टिपूर: मग नाईलचं काय? तिच्या आजच्या पात्राखाली गाडलेली निदरी समुद्रपातळीच्या कितीतरी खाली आहे.

शुद्धमती: निदरी म्हटल्याबद्दल आभार.

खडकफोड्या: ५० लाखांहून जास्त वर्षांपूर्वी भूमध्य समुद्रच आटला होता, पातळी पार खाली गेली, नाईल तिच्यामागे खणत गेली. नियम कुठे मोडला?

लोंबती_दरी: इतकं छातीठोक नको. कोटोरच्या डोक्यावरच्या ओर्येन पर्वतावर हिमयुगात हिमनद्या होत्या.

खडकफोड्या: डोंगरावर होत्या. आखात त्यांनी खणलं, असं म्हणायचंय का?

लोंबती_दरी: नाही. पण 'बर्फाचा संबंधच नाही' असंही लिहू नका.

आडवाट: नावावर जाऊ नका एवढंच सांगतो. न्यूझीलंडचा मिलफर्ड साउंड नावाने साउंड, म्हणजे समुद्राची खाडी, पण खरा फियॉर्ड.

खडकफोड्या: आता कसं बोललात.

समोच्चरेषा: अहो, मी लिहू काय?

खडकफोड्या: 'रिया: समुद्रात बुडालेली नदीची दरी.'

समोच्चरेषा: जागा कमी होती, नुसतं 'कोटोरची रिया' लिहून पाठवलं. सगळ्यांचे आभार.

समोच्चरेषा: परत आलंय. 'ही रिया कोण?'