अर्धवट निकाल संग्रहात घ्यायचे की नाही?

गोदाकाठ: नाशिक जिल्ह्यातल्या जुन्या फुटबॉल स्पर्धांचे निकाल स्वयंसेवकांनी मिळून ऑनलाइन चढवायचं चाललंय. माझं म्हणणं, तारीख, दोन्ही संघ आणि गोलसंख्या हाती असल्याशिवाय सामना चढवू नये. चुकीचा आकडा एकदा गेला की पाच जण तो उतरवून घेतात आणि पुढे तेच पाच पुरावे ठरतात.

मधलीफळी: अजिबात पटत नाही. १९९४ पासून स्वयंसेवकांच्या बळावर चालणारा आरएसएसएसएफचा, म्हणजे जगभरच्या फुटबॉल निकालांचा ऑनलाइन संग्रह बघा. साधा मजकूर, आणि निकाल मिळाला नसेल तिथे तसं उघड लिहिलेलं. गाळलेली जागा दिसली तरच कोणी कात्रण शोधून पाठवतो. उपउपांत्य सामनाच वगळलात तर संघ उपांत्य फेरीत आला कुठून?

गोदाकाठ: कात्रणांवरच तर भरवसा नाही! मंगळवारच्या अंकात 'काल झालेल्या सामन्यात' असतं, आपण तारीख टाकतो मंगळवारची. टायब्रेकरचं, म्हणजे बरोबरीनंतरच्या पेनल्टी किकचं तर विचारूच नका. सामना १-१ आणि टायब्रेकर ४-३ असेल, तर बातमीत बेरीज करून ५-४ छापलेलं असतं. नोंद हवी १-१ (टायब्रेकर ४-३). त्या किकचे गोल खेळाडूच्या खात्यात जात नाहीत.

मधलीफळी: मग तशीच नोंद करा, सामना कशाला गाळता? अंकाची तारीख एका रकान्यात, सामन्याची दुसऱ्या. समोरचा संघ न खेळल्यामुळे पुढे चाल मिळाली असेल तर 'पुढे चाल' एवढंच लिहा, मनाने ३-० टाकू नका. पेलेच्या १,२८१ गोलांचा वाद मिटत नाही तो मैत्रीपूर्ण सामने त्यात धरल्यामुळे. रकाने वेगळे ठेवले की ज्याला जी बेरीज हवी ती त्याने करावी.

उजवीबगल: दोघांनीही नावांचा विचार केलेला नाही. बातमीत नुसतं 'पाटील' असतं, आणि एकाच संघात दोन पाटील निघतात. आद्याक्षर मिळेपर्यंत गोल संघाच्या नावावर ठेवा. देवळालीच्या लष्करी संघांचंही तेच. तुकड्यांची बदली होते, म्हणून 'देवळाली' दिसलं की सगळे विजय एकाच संघाला जोडू नका.

गोदाकाठ: रकाने मान्य. पण एकाच कात्रणावरची नोंद 'पक्की' म्हणायला माझा विरोध कायम. दोन वर्तमानपत्रांत वाक्यं शब्दशः सारखी असतील, तर दोन्ही बातम्या एकाच प्रसिद्धिपत्रकावरून आल्या असं धरा. तो एकच पुरावा झाला. दुसरा म्हणजे पंचांचा अहवाल किंवा संघाची वही.

मधलीफळी: त्या वह्यांना वाळवी लागलीय. दुसरा पुरावा मिळेपर्यंत 'एकच आधार' असा शेरा मारून चढवा.