मदत हवी आहे: जांभ्याच्या जमिनीवर पावसाळ्यात कोंबडखत कसं साठवावं?

राजापूर तालुक्यात सड्यावर (जांभ्याच्या उघड्या पठारावर) १,००० ब्रॉयलरची उघड्या जाळीची शेड आहे, १,२०० चौरस फूट. उताराखाली २५ मीटरवर वाडीची पिण्याची विहीर. तिच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे ६२ मिलिग्रॅम निघालं, मर्यादा ४५ आहे. जांभा सच्छिद्र, त्यामुळे खताच्या खड्ड्यातला निचरा भेगांतून थेट खाली जातो. खड्डा बंद केलाय.

शेडमध्ये तुसाची तीन इंच गादी आहे. पाणी सांडू नये म्हणून निपल ड्रिंकर (चोच लावली तरच थेंब सोडणारे नळ) बसवले, पागोळ्या आत येऊ नयेत म्हणून छप्पर पुढे काढलं, गादी रोज उकरतो. तरी आषाढात मुठीत दाबली की गोळा तसाच राहतो. मग अमोनिया सुटतो, पक्ष्यांच्या तळपायांना काळे चट्टे पडतात. जेमतेम सहा आठवड्यांचं आयुष्य, ते तरी त्यांनी कोरड्यात काढावं. चुन्याने सामू (पीएच) वाढून अमोनिया उलट जास्त सुटतो, म्हणून तो नको. पुढच्या बॅचला पक्षी ८०० करतोय.

खरी अडचण खताची. बॅचमागे साधारण सव्वा टन निघतं. ताडपत्रीखालच्या ढिगाला जमिनीतून ओल चढते. पावसाळ्यात उचलायला कोणी येत नाही. कंपोस्टला कर्ब-नत्र गुणोत्तर २५ ते ३० लागतं, पण त्यासाठी कर्ब देणारा पेंढा गुरांना हवा. काथ्याचा भुसा मात्र भरपूर मिळतो. पंख्यांएवढी वीज नाही.

छपराखाली काँक्रीटचा ओटा बांधायचा ठरवलाय. ओट्याखाली जाड प्लास्टिक अंथरावं का, निचऱ्याची टाकी किती लिटरची लागेल, आणि पेंढ्याऐवजी काथ्याचा भुसा कोणत्या प्रमाणात मिसळला तर ढीग ५५ अंशांपर्यंत तापतो?